इंडियासाठी लावलेला कौल

तोंडवली,
२५ जानेवारी २०२४

तीर्थरूप तुळसाबाय हिला धाकट्या हरिश्चंद्राचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

वैभववाडीच्या थंडीत तुझा गुडघा काय म्हणतो ते कळव. भावोजींचा खोकला गेला असं धरून चालतो (गेला नसेल तर त्यांनी विडी सोडलेली नाही, हे मी इथून सांगतो). माझं बरं आहे, म्हणजे दोन वेळा जेवतो आणि काजूच्या बागेत जाऊन माकडांशी भांडतो. फोनच केला असता, पण फोनवर तू मला दोन वाक्यं धड पुरी करू देत नाहीस, आणि हकिकत लांबलचक आहे.

हकिकत आपल्या देशाच्या फुटबॉल संघाची. हसू नकोस. कतारात आशिया चषक चालू आहे आणि आपला संघ तिथे गेला होता. तुला फुटबॉलमधलं ओ का ठो कळत नाही हे मला माहीत आहे, पण आपला कौस्तुभ तिथेच दोहाला नोकरीला आहे, तेव्हा भाच्यासाठी तरी वाच. सुगंधा गेली तेव्हा त्याला आईच्या दिवसांसाठीही रजा मिळाली नाही, हे तुला ठाऊकच आहे. बाराव्याला तरी पोचतो म्हणाला, तर मी रागाच्या भरात बोललो, "आता येवन काय करतलस?" पोर आज्ञाधारक, आलंच नाही. त्याला दीड वर्ष झालं. तेव्हापासून आम्ही बापलेक फक्त फुटबॉलवर बोलतो. आईचं नाव नाही, घराचं नाव नाही. सामना असला की फोन, नसला की नाही. (सुगंधाच्या वर्षश्राद्धाच्या दिवशी आम्ही आपल्या बचावफळीवर चाळीस मिनिटं बोललो.) म्हणजे संघ स्पर्धेत टिकेल तितके दिवस मला मुलगा. आता सांग, मला देशाची काळजी वाटणार नाही तर काय?

आता संघाचं भवितव्य. मी मुंबईत गोदीच्या संघात आठ वर्षं गोलात उभा राहिलेला माणूस (किती गोल खाल्ले ते विचारू नकोस). गटात ऑस्ट्रेलिया, उझबेकिस्तान आणि सीरिया आहेत म्हटल्यावर मी काय ते समजलो. पण आमच्या युवक मंडळाच्या मंगेशला उत्साह फार. तो म्हणाला, काका, देवाक कौल लावया. आता आपल्याकडे कौल कशाकशाला लावतात ते तू जाणतेस: लग्न, विहीर, हरवलेली म्हैस. फुटबॉलला लावल्याचं मी तरी ऐकलं नव्हतं. लवू गुरवही आधी तयार होईना. म्हणाला, आमच्या देवाची हद्द खाडीपर्यंत, कतार तेच्या ताब्यात येना नाय. शेवटी मीच त्याची मनधरणी केली, कारण मला कौल हवा होता.

लवूने गाऱ्हाणं घातलं ते मात्र झकास. "बा देवा म्हाराजा, आमची पोरां परमुलखात खेळाक गेली हत, तेंच्या पाठीशी उभो रव. समोरच्याचो गोलकीपर जाग्यार खिळवन ठेव. काय चुकला-माकला आसात तर पदरात घे रे म्हाराजा." सगळे म्हणाले, व्हय म्हाराजा. मग देवाच्या पाषाणाला दोन्ही बाजूंना ओल्या कळ्या चिकटवल्या. उजवी आधी पडली तर काम होणार, डावी पडली तर नाही. मी हात जोडून उभा होतो. दोन मिनिटांत उजवी कळी पडली, अगदी खणखणीत कौल.

झालं, मंगेशने देवळासमोर मोठा पडदा बांधला. ऑस्ट्रेलियाविरुद्ध अर्धा वेळ शून्य-शून्य, तर लोकांनी लवूच्या गळ्यात हार घातला. पुढच्या अर्ध्यात दोन गोल बसले तेव्हा तो हार त्याने स्वतःच काढून मांडीवर ठेवला. उझबेकिस्तानने मध्यंतरापर्यंतच तीन घातले. सीरियाच्या सामन्याला पडद्यासमोर मी, लवू आणि दोन कुत्री. एक गोल खाल्ला. तीन सामन्यांत सहा खाल्ले, दिला एकही नाही, संघ घरी. आता गावात लवूला कोणी सरळ हाक मारत नाही. काल विहिरीवर भेटला तर म्हणाला, "हरीदादा, माझ्या हाताक काय तरी झाला, देव माझ्याशी खोटा बोलाक लागलो." डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. मी कळशी उचलून घरी आलो.

सीरियाच्या सामन्याला कौस्तुभ स्वतः मैदानात गेला होता. संपल्यावर फोन आला. म्हणाला, बाबा, संपला. मी म्हटलं, होय, संपला. पलीकडे लोकांचा गलका चालू होता. मला विचारायचं होतं, जेवलास काय रे. मी म्हटलं, मधल्या फळीत पास तुटत होते. तो म्हणाला, व्हय. पुढचा सामना आता थेट मार्चात आहे.

भावोजींना नमस्कार सांग. गुडघ्याला शेक दे, आळस करू नकोस.

तुझा,
हरिश्चंद्र

ता. क. लवूची काहीच चूक नाही, हे तुला म्हणून सांगतो. गाऱ्हाणं त्याने फुटबॉलचं घातलं, पण कळ्या लावल्या तेव्हा मी मनात वेगळंच विचारलं होतं: कौस्तुभ शिमग्याला घरी येणार की नाही? देवाने माझ्या प्रश्नाला उत्तर दिलं असणार. गावात हे बोलायची माझी छाती नाही.

आणखी ता. क. तुझं तो ऐकतो. फोन करून शिमग्याला येतोस काय एवढंच विचार. बाबांनी विचारायला सांगितलं असं सांग, किंवा नको सांगू, तुला बरं वाटेल ते कर. मीच विचारलं असतं, पण त्याचा आवाज ऐकला की माझ्या तोंडून ऑफसाइडच बाहेर पडतं. येतो म्हणाला तर लगेच कळव, लवूकडे मला त्याच पावली जायचं आहे. नाही म्हणाला तर कळवायची घाई करू नकोस, शिमगा होऊन जाऊ दे.