वर तोंड, खाली तोंड

प्रिय ठमाबाई,

तू पाठवलेला माशांचा तक्ता पोचला. मी तो फ्रिजच्या दारावर चिकटवला, तुझ्या आईने काढून फ्रिजच्या बाजूला चिकटवला. फेकला नाही, ही प्रगती ध्यानात घ्यावी. दातांचा दवाखाना लेकीच्या हाती सोपवायला निघालेली बाई ती. आणि लेक निघाली तळ्याकाठी, कुणी ढुंकून न पाहणारे बोटभर मासे ओळखायला! पचायला जडच. वर्ष होत आलं, तुझा फोन आला की ती 'बाबांना देते' याच्या पुढे जात नाही.

मधल्या काळात तुझा बाप मात्र विद्यार्थी झाला. आमची मासेवाली मोठे मासे मांडून झाले की तळ्यातली चिल्लीपिल्ली एकत्र करून त्यांचा वाटा लावते आणि सगळ्यांना एकच नाव देते, बारीक. मी म्हटलं, बाई, यात निदान दोन जाती आहेत. तर म्हणते, "मास्तर, पोटात गेल्यावर सगळे एकाच जातीचे." जन्मभर संस्कृत शिकवलं, पण अद्वैत इतकं सोपं करून मलाही कधी सांगता आलं नाही.

तुझ्या तक्त्याप्रमाणे शेपटीजवळ काळा ठिपका असेल तो थेट तव्यावर, नसेल तो गाळात चरणारा, त्याला आधी मीठ-लिंबात मुरवायचं. पण बर्फात पडून सगळेच असे काळवंडले होते, की मला प्रत्येकाला ठिपका दिसू लागला. तर्कशास्त्रात याला अतिव्याप्ती म्हणतात. तुझ्या आईने दुसरा शब्द वापरला. सगळेच थेट तळले होते मी. पहिला घास घेऊन ती म्हणाली, "अहो, हा मासा आहे की कुंडीतली माती?"

पुढच्या खेपेला मी वाटा ओट्यावर पसरला, तर बाईसाहेब दवाखान्यातला छोटा आरसा घेऊन हजर. वर तोंडाला मास्क! "ठिपके काय मोजताय, तोंड बघा तोंड," म्हणाली आणि एका माशाला सवयीने "आ कर" म्हणून बसली. मी हसलो नाही. मला अजून या घरात राहायचं आहे. तोंड वर वळलेलं असेल तो पाण्यावरचे किडे टिपणारा, म्हणून चवीला स्वच्छ. खाली वळलेलं असेल तो चिखल उपसणारा, त्याला मीठ-लिंबाचं स्नान. पाहता पाहता दोन ढीग झाले आणि या खेपेला ताटात माती नव्हती. काटासुद्धा कुरकुरीत. दोनदा वाढून घेतलंन. मग बोटं चाटत, माझ्याकडे न बघता म्हणाली, "तिला सांगा, तक्त्यात तोंडं फारच लहान काढलीयेत." मी ताटात खाली बघत राहिलो. वर्षभरानंतर तिच्या तोंडी तू आली होतीस, आणि चक्क तुझ्या कामासकट.

आता मुद्द्याचं. त्या वाट्यात काही मासे असे निघाले, की त्यांचं तोंड ना वर, ना खाली, नाकासमोर सरळ. आईने ते डब्यात घालून बर्फाच्या कप्प्यात ठेवलेत. मी हात लावला तर खेकसली, "राहू द्या. ज्याचं काम त्याने येऊन बघावं." तिच्या भाषेत हे आमंत्रण असतं, मी तिचा जुना भाष्यकार आहे. तू पाहणीसाठी इथल्या तळ्यावर येणार, विश्रामगृहात उतरणार आणि मला बाहेरच कुठेतरी भेटणार असं लिहिलं आहेस. तसं करू नकोस. सरळ रविवारी घरी ये, एवढंच सांगायला हा सगळा पाल्हाळ. इथवर लिहिलेलं पत्र टेबलावर ठेवून मी पाकीट शोधायला गेलो, तेवढ्यात आईने चष्मा लावून ते वाचलं. पेन घेतलं, वरचा 'रविवारी' खोडला आणि त्याच्या डोक्यावर ठळक अक्षरात लिहिलं, 'शनिवारी'.

तुझाच,
अतिव्याप्त बाबा