माझ्यामागे निळ्या गाडीचे काय करावे

मी, संग्राम राजाराम निकम, वय २५, मूळ राहणार कराड, सध्या राहणार शुगर लँड, टेक्सास, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाखाली न येता, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. मला कोणताही आजार नाही. कॉलेज मी पहिल्याच वर्षी सोडले, तेव्हा कायद्याची भाषा कुठे चुकली असल्यास अर्थ पाहावा. इंग्रजी प्रत वेगळी केली आहे. ही प्रत आईसाठी, श्रीमती शोभना निकम यांच्यासाठी आहे, कारण तिला इंग्रजी वाचता येत नाही आणि तिच्यापासून लपवलेली एक गोष्ट यात आहे.

१. ती गोष्ट अशी. ३ डिसेंबर रोजी हायवे ५९ वर मधल्या लेनमध्ये माझी गाडी बंद पडली. चार्ज एकतीस टक्के दिसत होता, तो एका क्षणात शून्य झाला. इलेक्ट्रिक गाडी बंद पडताना आवाजसुद्धा करत नाही. मागच्या ट्रकने कशीबशी बगल दिली. घरी मी टायर पंक्चर झाल्याचे सांगितले. ते खोटे होते. त्यानंतर मी चार्ज पन्नासच्या खाली जाऊ देत नाही, आणि हे मृत्युपत्र लिहायला घेतले.

२. माझी बचत आणि फोन आईला मिळावा. फोनमध्ये बाबांचे आवाज आहेत, ते आधी उतरवून घ्यावेत.

३. बाबांचा मल्टिमीटर काकांची मुलगी स्वानंदी हिला द्यावा. बाबा कराडला वायरमन होते. इथे आल्यावर दर शनिवारी ते या गाडीची लहान बॅटरी मोजत आणि "ठणठणीत आहे" म्हणत. स्वानंदीने तो वापरावा, कपाटात ठेवू नये. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी. तिला विचारले तेव्हा ती म्हणाली, "दादा, दॅट्स सो क्रीपी. ट्वेंटी-फाइव्हला कोण विल करतं?" पण हो म्हणाली आहे.

४. गाडी. ही २०१७ सालची, निळी, मी २०२२ मध्ये जुनी घेतली. तेव्हा पेट्रोलचे पैसे वाचतील एवढाच हिशेब आम्ही केला होता. वॉरंटी संपल्यापासूनची बिले हिरव्या पाकिटात तारखेप्रमाणे लावली आहेत: गाडी जड म्हणून टायर लवकर झिजले ते, बॅटरी थंड ठेवणाऱ्या पाण्याचा पंप, आणि बॅटरी खराब आहे एवढेच सांगण्याचे दोनशे वीस डॉलर. नव्या बॅटरीचे चौदा हजार सांगितले आहेत.

मी औषधांच्या दुकानाची औषधे घरोघरी पोचवतो. स्वतःची गाडी ही कामाची अट आहे. विकायला गेलो तर कर्ज फिटेल एवढे येत नाहीत. दुरुस्त करायला गेलो तर गाडीच्या किमतीहून जास्त लागतात. उभी ठेवली तर काम जाते, हप्ता थकतो, आणि मनोहरकाकांना बँकेचा फोन येतो, कारण कर्जावर त्यांची सही आहे. चालवली तर कलम १.

५. म्हणून माझ्या कामावरच्या विम्यातून सर्वांत आधी हे कर्ज फेडावे आणि काकांना मोकळे करावे. उरेल ते आईचे. गाडी कोणालाही देऊ नये. आईने आठवण म्हणूनसुद्धा ठेवू नये. डॅशबोर्डवरचा गणपती काढून घ्यावा आणि गाडी भंगारात द्यावी. माझ्या अंत्यविधीला कोणी या गाडीने जाऊ नये. ती पोचणार नाही.

६. राग. बॅटरीची आठ वर्षांची वॉरंटी १८ सप्टेंबरला संपली. बॅटरीचा दिवा ९ तारखेला लागला. मी २२ तारखेला, घटस्थापनेच्या दिवशी, वर्कशॉपमध्ये गेलो. काउंटरवरचा माणूस कागद पाहून म्हणाला, "फोर डेज, बडी," आणि हसला. त्या हसण्याबद्दल मी त्याला माफ केलेले नाही.

काका त्या संध्याकाळी सगळ्यांसमोर ओरडले, "दोन आठवडे दिवा पेटलाय आणि हा साहेब गाडी फिरवतोय! कुठे होतं लक्ष?" त्याचे उत्तर मी तेव्हाच द्यायला हवे होते. ते आता देतो.

दिवा लागला त्या दिवशी मी अपर्णाकाकूंना म्हणालो होतो की गाडी वर्कशॉपला टाकतो, कदाचित नवी बॅटरी बसवतील. त्या बाबांच्या श्राद्धाचे सामान काढत होत्या. म्हणाल्या, "पक्ष चालू आहे रे. रविवारी भाऊजींची तिथी. आत्ता नवीन काही नको, थांब जरा. गाडी काय पळून जातेय?"

मला १८ तारीख पाठ होती. मी ती त्यांना सांगितली नाही. माझ्या बाबांसाठी वड्यांच्या पिठाचे धान्य निवडत असलेल्या बाईला वॉरंटी काय सांगायची, असे वाटले. त्यामुळे हा राग काकूंवर नाही. काकांनी त्यांना बोलू नये. हा माझ्यावर आहे आणि माझ्याबरोबरच संपावा.

७. काकूंना मी काहीही ठेवलेले नाही, कारण त्या साक्षीदार आहेत आणि साक्षीदाराला काही मिळता कामा नये असे वाचले. नाहीतर बाबांचे घड्याळ त्यांचे होते. आता ते काकांना द्यावे. माझ्याबरोबर काम करणाऱ्या नीललाही याच कारणाने काही नाही. त्याला मराठी वाचता येत नाही. मी काय लिहिले ते सांगितल्यावर तो म्हणाला, "यार, नवी गाडी घे ना."

वरील सर्व मी वाचून पाहिले आहे. उद्या सव्वासहाला निघायचे आहे. गाडी चार्जिंगला लावली आहे.

(सही) संग्राम राजाराम निकम

साक्षीदार १: सौ. अपर्णा मनोहर निकम. संग्राम म्हणाला, "काकू, फक्त खाली सही करा, वाचायची गरज नाही." मी पूर्ण वाचले. तिथी माझ्या लक्षात होती, तारीख मी विचारली नाही. हे मी आत्ताच यांना सांगून आले. गाडीची किल्ली खुंटीवरून काढून माझ्याकडे ठेवली आहे. पक्षात थांब असे मीच म्हणाले होते. आता पुन्हा म्हणते, थांब. (सही)

साक्षीदार २: नील कारखानीस. (सही)

ठिकाण: शुगर लँड, टेक्सास
दिनांक: ११ जानेवारी २०२६, रविवार