न मोजलेला हात

लांड्सहूट, शनिवार

तीर्थरूप बाबा,

दुरूनच पायांवर डोकं ठेवतो. मी ठणठणीत आहे. आईला सांगा, थंडीचा नवा कोट घेतलाय.

इथल्या खानावळीत दर शुक्रवारी श्टामटिश असतो, म्हणजे नेहमीच्या मंडळींचं राखीव टेबल. आल्यावर आणि निघताना टेबलावर बोटं ठोकली की झाला नमस्कार. मीही इतकी वर्षं ठोकतोय.

काल वाद पेटला, बायर्नने, म्हणजे आमच्या या राज्याने, जर्मनीतून फुटून निघावं का. कमवायचं आम्ही आणि खायचं त्यांनी, वगैरे. तुमच्या वेगळ्या विदर्भाच्या सभा आठवल्या. शेवटी हात वर करून मतं घेतली. मी विरोधात हात वर केला. शेजारच्या योसेफने सगळे मोजले, माझा सोडून. "हे आमचं घरचं भांडण," म्हणाला, हसतच.

गेल्या वर्षी मी भारताचा पासपोर्ट परत करून इथला नागरिक झालो, तेव्हाचे पेढे यानेच मागून खाल्ले होते.

टेबल न ठोकताच निघालो. कुणाच्या लक्षातही आलं नाही.

तुमचा गुडघा कसा आहे? सभांना अजून जाता? आता गेलात तर दोन्ही हात वर करा. एक माझा. तिकडेही मला मत उरलेलं नाही, पण हात तुमचा आहे म्हणून कुणी मोजेल तरी.

तुमचा,
राजस