पत्त्यातले सासरे

माझ्या पाठच्या कालिमा,

थोरल्या बहिणीचा तुझ्या कपाळाला मुका. तुझ्या मेंढ्या, घोडी आणि माणसं सुखरूप असतील (याच क्रमानं विचारते, माणसं दुखलंखुपलं तर बोलून तरी दाखवतात). तुझा गुडघा कसा आहे? मेंढीची चरबी लाव, डॉक्टरला सांगू नकोस. मी ठणठणीत आहे आणि इतकी खुशीत आहे की तीनदा चहात मीठ घातलं. अक्षर कोंबडीनं उकरल्यासारखं आहे, पण माझंच आहे. शाळेत टिकले असते तर याहून वाईट पत्र लिहिलं असतं, कारण मग पाल्हाळ लावायला लाज वाटली असती.

तर बातमी अशी की, नारीन शहराच्या विद्यापीठात तुझ्या बहिणीची वेबसाइट आहे. हसू नकोस. मी आधीच पुरेशी हसले आहे.

आपल्या बेरमेतनं (नातीला इतकं शिकवलं, आता तिच्याशी बोलायला मलाच शिकावं लागतं) शेवटच्या वर्षाचं काम म्हणून माझ्या सासूबाईंच्या गालिच्यांच्या सगळ्या नक्ष्या कॉम्प्युटरवर उतरवल्या. मेंढ्याचं शिंग, कावळ्याचा पंजा, सगळ्या. थापलेली लोकर नक्षीत कशी कापायची, कडेला दोरा कसा घालायचा, त्यासकट. ते गालिचे कसरीनं खाल्लेत, तुला ठाऊकच आहे. नक्ष्या उरल्या त्या माझ्या बोटांत, आणि माझी बोटं काही कायमची नाहीत. म्हणून त्या कुठेतरी पक्क्या ठेवायच्या होत्या. विद्यार्थ्यांना विद्यापीठ फुकट जागा देतं, पण पोरगी पास झाली की तिचं नाव काढतात आणि नावाबरोबर जागाही. बाहेरच्या कंपनीची जागा भाड्यानं मिळते, पण परक्याच्या कुरणावर तंबू ठोकायचा म्हणजे तो कधी उठ म्हणेल याचा नेम नाही. तिसरी जागा नोकरदारांची, जोवर नोकरी तोवर आपली. बेरमेत म्हणाली, आपल्या घरात कोण प्राध्यापक आहे? आम्ही दोघी त्यावर उसासे टाकत बसलो. मग माझ्या ध्यानात आलं की विद्यापीठाच्या दारात प्राध्यापकांचे कोट खुंटीला अडकवणारी बाई मीच, पगार मलाही मिळतो.

कॉम्प्युटर विभागातल्या उलाननं नियम पाहिले, डोकं खाजवलं आणि म्हणाला, हो आजी, बसता तुम्ही नियमात. मी म्हटलं, आधी जागा दाखव. पाणी आणि वारा पाहिल्याशिवाय आपल्यात कुणी तंबू ठोकतं का? बिचाऱ्यानं मला एका थंडगार खोलीत नेलं. तिथे कपाटाएवढं यंत्र घुमत होतं. माझी फळी कोणती, ते काही त्याला सांगता येईना. पण नवं घर ते नवं घर, म्हणून मी खिशातली मूठभर चॉकलेटं उधळली. लग्नात उधळतात तशी, भरभरून. त्यातलं एक नेमकं यंत्राच्या जाळीतून आत गेलं. उलान पोटावर पालथा पडून चिमट्यानं ते काढत होता आणि पडल्या पडल्या मला काहीतरी समजावत होता. मी हो हो म्हणत राहिले. (हे हो हो लक्षात ठेव.)

जागा मिळाली, नक्ष्या चढल्या, आणि मग कळलं की वेबसाइटचा पत्ता नोकरदाराच्या आडनावावरून पडतो. माझं आडनाव म्हणजे सासऱ्यांचं नाव! कालिमा, या घरची सून झाल्यापासून ते नाव माझ्या तोंडून निघालेलं नाही. ते ज्या धातूवरून आहे त्याचंही मी नाव घेत नाही, घोड्याच्या नालेचा धातू म्हणते; दुकानात खिळे मागताना लोक पाहत राहतात. सासरे जाऊन किती हिवाळे लोटले, पण जीभ काही सैल होत नाही.

बेरमेतच्या परीक्षेच्या दिवशी बिश्केकहून आलेल्या परीक्षक बाई नेमक्या माझ्याकडे कोट देऊन उभ्या राहिल्या. उंच, चष्मेवाल्या, हसणं घरी विसरून आलेल्या. त्यांना वर जाण्याआधी मोबाईलवर काम पाहायचं होतं, आणि बेरमेतनं सांगितलं होतं की पत्ता आजी सांगेल. मी नाव फोडून नुसता अर्थ सांगितला, नालेचा धातू, त्यापुढे सरदार. त्यांनी ते टाइप केलं. नाल ठोकणाऱ्याचं पान उघडलं, त्याच्या फोन नंबरासकट.

"मावशी, मी घोडा आणलेला नाही," बाई म्हणाल्या.

त्या कोटाचा बिल्ला घेऊन जिन्याकडे वळल्या. वर पोरगी उभी, इथे तिचं काम माझ्या जिभेखाली अडकलेलं. शेवटी मी शाल फेकली, बंडीची बटणं सोडली (मागे रांगेतल्या एका म्हाताऱ्या प्राध्यापकानं तोंड फिरवलं) आणि आत लावलेलं विद्यापीठाचं ओळखपत्र छाती फुगवून त्यांच्यापुढे धरलं. वडीलधाऱ्यांचं नाव चारचौघांत मिरवू नये म्हणून मी ते कायम झाकून ठेवते.

"सासरे का?" बाईंनी विचारलं.

मी मान हलवली.

"माझ्या नावात बकरी आहे," त्या हळूच म्हणाल्या. "म्हणजे माझ्या सासूच्या. मी अजून तिला दाढीवाली मेंढी म्हणते."

मग त्या जिन्यावर उभ्या राहून मेंढ्याच्या शिंगाची नक्षी पाहत राहिल्या, रांग खोळंबली तरी. बेरमेत पास झाली, शाबासकीसकट.

तुझ्या सगळ्यांना, मेंढ्यांनाही, माझी माया.
तुझी थोरली,
बात्माकान

ता. क. शरद ऋतूत नोकरी सोडून तुझ्याकडे कायमची येते म्हणाले होते, ते आता जमत नाही. नोकरी गेली की जागा गेली. सासूबाईंच्या नक्ष्या जगायच्या तर मला खुंट्यांपाशी उभं राहायला हवं. माझी गादी दुसऱ्या कुणाला देऊ नकोस मात्र.

ता. क. दुसरा. पत्राचं खरं कारण हे: तू या घरची सून नाहीस. पाकिटाच्या मागे बेरमेतनं पत्ता लिहिलाय. तुमच्याकडच्या येत्या बारशाच्या जेवणात उभी राहा आणि सगळ्यांना तो मोठ्यानं वाचून दाखव. मी शेजारी बसेन, कानावर हात ठेवून.

ता. क. तिसरा. बेरमेत आत्ता सांगते आहे की पत्त्याला हवं ते नाव देता येतं. पालथ्या पडलेल्या उलाननं मला हेच विचारलं होतं, सासऱ्यांचंच राहू दे का, आणि मी हो हो म्हटलं. अजूनही बदलता येईल म्हणते. नको म्हटलं. सासूबाईंना तरी कधी घेता आलं होतं त्यांचं नाव? आता दोघं एका दारात आहेत. राहू दे.