बाळंतिणीचे कान

तीर्थरूप आईस,

सुचित्राचा आखातातल्या सलवाहून वाकून नमस्कार. आम्ही सगळे खुशाल. फोनवर सांगताना रडू येईल, म्हणून लिहिते.

आज सकाळी मागचं दार उघडलं आणि किंचाळलेच. अंगणात तू उभी होतीस! अंगाभोवती तुझी गोधडी, डोक्याला घट्ट रुमाल. चौकट धरून जरा थांबले, तेव्हा कुठे कळलं की ती आपली केळ आहे.

तू शिवलेली शेवटची गोधडी, आई. बाबा गेल्यावर त्यांच्या धोतरांची केलेली. आता तुझ्या बोटांत सुई टिकत नाही, आणि ती इथे दवाने ओली, चिखलाने माखलेली. मी रेवावर हात उगारला गं.

"आजीच म्हणाली!" ती रडत ओरडली. "केळीला बेबी झालंय, म्हणजे ती बाळंतीण. थंडीत तिचं डोकं-कान बांधायचे. बट ममा, कान कुठे असतात तेच कळेना, म्हणून सगळंच बांधलं."

खरंच असं म्हणालीस?

गोधडी सोडायला गेले. आत हात घातला तर खोड टणक, बुडाशी आलेला कोंब हिरवागार. शेजाऱ्यांची उघड्यावरची केळ मात्र एका रात्रीत काळी पडली आहे. मी गाठ पुन्हा बांधली.

निफाडला पारा फारच उतरलाय म्हणे. उबदार तेवढं सगळं आम्हाला देऊन तू काय पांघरतेस? आणि तुझे कान कोण बांधतं?

तुझीच,
सुची