स्पॅनिशची परीक्षा आणि गुवाहाटीची ऑर्डर

९ फेब्रु. १९९९
युनिव्हर्सिटीच्या संध्याकाळच्या स्पॅनिश वर्गात आज कर्मणी प्रयोग. ग्रेवाल मॅडम कितीतरी वर्षं चिलीत राहिलेल्या, शिकवताना खिडकीबाहेरच बघतात. ‘ला कार्ता फुए एस्क्रिता’, चिठ्ठी लिहिली गेली. अनेक झाल्या की ‘फुएरॉन एस्क्रितास’, लिहिल्या गेल्या. मागच्या बाकावरची हरप्रीत म्हणाली, “लो जी, ये तो अपना ही है!” बोलताना मात्र तिकडे नुसतं ‘से’ लावून भागवतात म्हणे.
सायकलवर परत येताना एवढं धुकं की सेक्टरांच्या पाट्या दिसेनात. कुठल्याही गावात असू शकले असते. छान वाटलं.

२ मार्च
गृहपाठ, दहा वाक्यं. हात आपोआप मागच्या बदलीकडे वळला. घर रिकामं केलं गेलं. गॅस परत दिला गेला. मुक्ताचा शाळेतून दाखला आणला गेला. तुळस शेजारी ठेवली गेली...
मॅडमनी वाचून विचारलं, “पोर किएन? ये सब किसने किया, जी?”
“मैंने.”
“तो लिखो ना.”
लिहिलं. दहाही वाक्यांत.

७ मार्च
दुपारी डोळा लागला. निळ्या दारांची गल्ली, पायरीवर एक म्हातारी. तिचं सगळं स्पॅनिश कळत होतं आणि मीही भराभरा उत्तरं देत होते. उठल्यावर कुकरची शिट्टीसुद्धा परकी वाटली. वेडीच आहे मी.

१९ मार्च
वि.च्या बदलीची ऑर्डर. गुवाहाटी. १९ एप्रिलला हजर व्हायचं. माझी परीक्षा २६ ला.
मुक्ता : “मम्मी, हम फिर जा रहे हैं?”
नागपूरला बी.एड. अर्धवट राहिलं, भोपाळला सतार. मोरीपाशी भांडी घासताना रडू आलं. ही परीक्षा मला द्यायचीच आहे.

२ एप्रिल
जेवताना बोलून टाकलं. “तू पुढे हो. मी आणि मुक्ता परीक्षेनंतर येतो.”
वि. घास चावत राहिला. मग, “अगं, पण तिकडे घर कोण लावणार?”
रागाने नाही, खरोखरच प्रश्न पडल्यासारखं. त्याचंच जास्त लागलं. आमटी वाढली.

५ एप्रिल
वि. आज रिझर्वेशन करून आला. पाकीट टेबलावर ठेवून अंघोळीला गेला. आत एक तिकीट आहे की तीन?
उघडलेलं नाही. मुक्ता दोनदा बघून गेली. मी पुस्तक काढलंय. दहावा धडा, पान ८४.