बाबांचा आवाज

प्रिय दादा,

तुझं ऐकलं नाही, हे आधीच कबूल करते. "बाबांना बाहेर नेऊ नकोस, पडतील," असं तू बजावलं होतंस. पण पक्षाघाताने वाचा गेल्यापासून, तीस वर्षं बस चालवलेला माणूस सात महिने भिंतीकडे तोंड करून पडलेला मला बघवेना. रोज सकाळी चाकांच्या खुर्चीतून त्यांना तळ्याकाठच्या झाडाखाली नेऊ लागले. तिसऱ्या आठवड्यात ते मान वर करून पाखरं शोधू लागले. आज खारीने त्यांच्या मांडीवरचं बिस्कीट पळवलं आणि बाबा गरजले, "ए चोरटे, थांब!"

मी रडत होते, ते पोट धरून हसत होते.

हे पत्र मात्र पाठवत नाही. बाबा म्हणतात, "फोन लाव. त्याला मीच सांगतो."

तुझी हट्टी धाकटी